दंडाचं माप

कर्जतच्या बाजारात माणूस रोडावला की कित्येकदा घरच्यांच्या आधी शिंप्याला कळतं. घरची माणसं रोज बघतात, त्यांच्या नजरेला फरक ठरत नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक वर्षा-दोन वर्षांनी येतं, गणपतीत नाहीतर लग्नसराईत, आणि मागची मापं वहीत असतात. छाती ३८ होती, ती ३६ भरते. कंबर दोन इंच आत. मुंढा ढगळ. अशा वेळी शिंप्यानं काही विचारायचं नसतं, गुपचूप नवं माप लिहायचं, हा आमच्या धंद्याचा रिवाज. तो रिवाज मी पाळत नाही. का, ते सांगायला हा लेख.

मी एचआयव्ही घेऊन वीस वर्षांवर जगतोय. नाव छापू नका, असं संपादकांना सांगितलंय. कर्जत, नेरळ, खोपोली मिळून शिंपी काही कमी नाहीत. कुणाला शोधायचंच असेल तर खुशाल शोधावं. २०१७ चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि तो माझ्या बाजूनं आहे.

२००५ साली माझं वजन ६२ वरून ४१ किलोवर आलं होतं. त्यातलं निम्मं उतरेपर्यंत कुणी काट्यावर उभंच केलं नाही. बाटलीतलं टॉनिक झालं, सलाईन झालं, एका खासगी दवाखान्यात 'ताकदीची' इंजेक्शनं झाली. कुणी कावीळ म्हणालं, कुणी करणी. तोंडात आतून पांढरी साय धरलेली, घास गिळताना छातीपर्यंत आग व्हायची. जुलाब थांबत नव्हते. संध्याकाळी ताप चढायचा, पहाटे घामानं बनियन पिळून काढावं लागायचं. शेवटी रक्त तपासलं, थुंकी तपासली, आणि दोन्हीकडून उत्तर आलं : एचआयव्ही आणि टीबी.

माझी मुलगी पुढे नर्स झाली. तिनं एकदा मला एका जुन्या अभ्यासाबद्दल वाचून सांगितलं. न्यूयॉर्कचे डॉ. डोनाल्ड कॉटलर यांनी १९८९ मध्ये एड्सनं खंगून गेलेल्यांचा अभ्यास केला होता. वजन योग्य वजनाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास आलं की माणूस जातो, असं त्यांना दिसलं. जंतू कुठला, फुप्फुसात का आतड्यात, याला तिथे फारसा अर्थ उरत नाही. शरीर स्वतःलाच खाऊन संपवतं. माझ्या उंचीला ६० किलो धरा, दोन तृतीयांश म्हणजे ४०. मी ४१ वर होतो. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही ते बरंच झालं.

उपाशी माणूस आणि आजारानं खंगलेला माणूस लांबून सारखेच दिसतात, पण आत फरक आहे. नुसती उपासमार असेल तर शरीर शक्य तितकी आधी चरबी जाळतं, मांस राखून ठेवतं. अंगात ताप आणि जंतू असले की हा हिशेब बिघडतो आणि चरबीबरोबर मांसही झपाट्यानं जातं. तोंडातल्या फोडांमुळे खाणं कमी, जुलाबांमुळे खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि तापामुळे बसल्या जागी खर्च जास्त. तिन्ही एकदम. आफ्रिकेत युगांडाच्या खेड्यांत १९८० च्या दशकात या आजाराला लोक 'स्लिम' म्हणत, कारण त्यांना दिसत होतं ते एवढंच. आमच्याकडे म्हणतात, अंगातून उतरला.

सरकारी मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं, १ एप्रिल २००४ ला सुरू झाली होती. मुंबईत जे. जे. रुग्णालयात मिळायची. कर्जत लोकलनं भायखळा, तिथून पुढे. बसायला जागा मिळावी म्हणून बायको मला पहाटेच्या गाडीला घेऊन जायची. कागदावर पहिली नोंद वजनाची, कारण गोळीसुद्धा वजनावर ठरायची : ६० किलोच्या खाली स्टॅव्हुडिन ३० मिलिग्रॅमचं, वर ४० चं. टीबीच्या गोळ्यांची संख्या आजही वजनाच्या पट्ट्यांवर ठरते, ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार. म्हणजे सरकारी औषध देणाऱ्याला वजनाची किंमत पहिल्यापासून ठाऊक आहे. रुग्णाचं वजन आहे तेवढी गोळी द्यायची, हे ठरलेलं आहे. वजन का उतरलं आणि ते वर कसं आणायचं, हे मात्र ज्याचं त्यानं घरी बघायचं.

घरी बायकोनं बघितलं. तिला कॅलरी हा शब्द ठाऊक नव्हता. तोंड सोललेलं होतं तोवर तिखट-आंबट बंद, भाताची मऊ पेज, तिच्यात अंडं फोडून नीट शिजवलेलं. सुकट भाजून, खलबत्त्यात कुटून तिचं पीठ करून ठेवायची आणि चमचाभर पेजेत ढवळायची. सुकटीत प्रथिनं शंभर ग्रॅमला साठच्या पुढे असतात हे मला फार नंतर कळलं. तेव्हा फक्त ती स्वस्त होती. ताटभर जेवण समोर आलं की मळमळायचं, म्हणून दर दोन-अडीच तासांनी वाटीभर काहीतरी. नाचणीची आंबील, गूळ-शेंगदाणे, पिकलं केळं. तोंड बरं झाल्यावर वालाचं बिरडं. वाल आमच्या रायगडचा, भात काढल्यावर त्याच जमिनीच्या ओलीवर येतो, त्याला वेगळं पाणी लागत नाही. पाणी उकळलेलंच प्यायचं, पावसाळ्यात तर हट्टानं. या शेवटच्या गोष्टीवरून आमची भांडणं व्हायची, कारण रॉकेल तिला रांगेत उभं राहून आणावं लागायचं.

माझं एवढं एकच म्हणणं आहे की हे सगळं औषध सुरू झाल्यावर अंगी लागलं. त्याआधी काय कमी घातलं होतं पोटात? विषाणू दबल्याशिवाय आणि टीबीचं औषध लागू पडल्याशिवाय तुपानं काही होत नाही. अमेरिकेत खंगण्यावर १९९६ मध्ये वाढीच्या संप्रेरकाची महागडी इंजेक्शनं मंजूर झाली, भूक वाढवणारी औषधं त्याच्याही आधी आली होती. पण खंगणं खऱ्या अर्थानं आटोक्यात आणलं ते तिथेही त्याच सुमाराला आलेल्या एकत्रित एआरटीनं. आणि तरीही, नुसती गोळी घेऊन उपाशी निजलेला माणूस सावरत नाही. दोन्ही लागतं. हे इतकं उघड आहे की लिहायला संकोच वाटतो, पण व्यवस्थेनं यातलं एकच उचललंय.

जागतिक आरोग्य संघटनेचं गणित काही अवाढव्य नाही. लक्षणं नसलेल्या एचआयव्ही बाधित प्रौढाला नेहमीपेक्षा सुमारे १० टक्के जास्त ऊर्जा लागते. आजारात आणि आजारातून उठताना २० ते ३० टक्के. वजन उतरत असलेल्या मुलाला मात्र ५० ते १०० टक्के जास्त. मोठ्या माणसाचे १० टक्के म्हणजे एक भाकरी आणि मूठभर शेंगदाणे. कर्जत स्टेशनच्या वड्याइतकी किंमत. ती मूठही महिनाभर रोज मिळणं हा प्रश्न कुणाचा आहे, ते खांडस-कशेळ्याकडच्या वाड्यांवर जाऊन बघावं.

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांचं एक वेळापत्रक आहे. दिवाळी झाली की कातकरी वाड्या रिकाम्या होतात. माणसं वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात, लेकरंबाळं घेऊन. पाऊस तोंडावर आला की परततात. उचल आधीच खाल्लेली असते. जून ते सप्टेंबर घरातलं धान्य संपत जातं. टाकळा, कुर्डू, खेकडे, जे रानात आणि ओढ्यात मिळेल ते. याच काळात जुलाबही. ज्याच्या अंगात विषाणू आहे त्याचं वजन या चार महिन्यांत उतरतं, आणि त्याला स्वतःला ते वेगळं वाटत नाही, कारण वाडीतल्या सगळ्यांचंच थोडं उतरलेलं असतं. खोपोलीच्या झोपडपट्टीत राहून कारखान्यात कंत्राटावर जाणाऱ्याचं, बोरघाट चढणाऱ्या ट्रकवरच्या क्लीनरचं वेळापत्रक वेगळं, पण तिथेही सुट्टी म्हणजे खाडा. औषध आणायला जाणारा दिवस त्याच्या जेवणातून कापला जातो.

साध्या एसटीत आमच्यासाठी मोफत प्रवासाची सवलत आहे. ती घ्यायची तर कार्ड कंडक्टरला दाखवायचं. ज्या गाडीत निम्मं गाव बसलेलं आहे, त्या गाडीत. मी तिकीट काढतो. ज्याला परवडत नाही तोही बहुधा तिकीटच काढतो.

संजय गांधी निराधार योजनेत एड्सग्रस्तांचा समावेश आहे. महिना १५०० रुपये, २०२३ पासून. त्याआधी हजार होते. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजार रुपयांची. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये होती. भागाकार मी करून पाहिला : घरातला एक माणूस वर्षात ६८ दिवस कामावर गेला की ते कुटुंब निराधार राहत नाही. अर्जाबरोबर आजाराचा दाखला जोडायचा, तो किती टेबलांवरून जातो ते विचारू नका. माझ्या ओळखीच्या एका बाईचा कागद एका कार्यालयात शिपायानं मोठ्यानं वाचला. तिनं अर्ज परत घेतला. २००९ मध्ये केंद्रानं राज्यांना कळवलं होतं की दारिद्र्यरेषेखालच्या एचआयव्ही बाधितांची कुटुंबं अंत्योदयच्या यादीत प्राधान्यानं घ्यावीत, म्हणजे महिना ३५ किलो धान्य. तिथेही अडचण तीच. रेशन दुकानदाराला कारण कळतं आणि मग पाणवठ्याला कळतं.

टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिना हजार रुपये मिळतात. आधी पाचशे होते. चांगलंच आहे. मला खटकतं ते त्याचं टायमिंग. एचआयव्ही बाधित माणसाचं वजन उतरू लागतं, तो टीबीच्या दाराशी असतो, तेव्हा या योजनेतून काही नाही. तो दारातून आत गेला, जंतू सापडला, नोंद झाली, की खात्यात पैसे. आजारी पडल्याबद्दल खाऊ.

झारखंडमधला एक अभ्यास मुलीनं मला दाखवला, तो डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांचा, २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला. टीबी रुग्णांच्या घरातल्या माणसांना, अजून आजारी न पडलेल्यांना, दर महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ व जोडीला जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. नव्या टीबीचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. तांदूळ आणि डाळ! कर्जतचं भात संशोधन केंद्र नवनवी वाणं काढतं, 'कर्जत' नावाचा भात कोकणभर पेरला जातो. तांदळाची टंचाई हे कारण इथे कुणी सांगू नये.

आता कुणी म्हणेल, हा जुना काळ झाला. २०१७ पासून रक्तातल्या सीडी-४ पेशींचा आकडा कितीही असो, सगळ्यांना लगेच औषध मिळतं. डोल्युटेग्राव्हिरवाली रोज एक गोळी आल्यापासून एचआयव्हीवाले लठ्ठ व्हायला लागलेत, त्यांना साखर कमी खा म्हणायची वेळ आलीय. खरं आहे. माझंच वजन आज ६८ आहे. त्याच्याबद्दलच मला शिंपी म्हणून बोलायचंय.

माझ्या स्वतःच्या मापांची वही मी ठेवलीय. आजारापूर्वी कंबर ३०, दंड साडेदहा इंच. ४१ किलोवर असताना कंबर २६, दंड साडेसात. पुढे स्टॅव्हुडिनवर वजन वाढत गेलं, पण गाल बसले, हातापायांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. तो दोष औषधाचा होता. ते चेहऱ्यावरची आणि हातापायांवरची चरबी खातं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये ते बंद करत न्या असं सांगितलं आणि आपल्याकडेही ते गेलं. आज कंबर ३६ आहे. दंड साडेनऊ. काटा म्हणतो, हा माणूस आजारापूर्वीपेक्षा सहा किलोनं सुदृढ झालाय. टेप म्हणते, पोट सहा इंच पुढे गेलंय आणि दंड एक इंचानं मागे राहिलाय. जिन्यावरून कापडाचा तागा चढवताना मला टेपचं पटतं.

वय वाढतंय आमचं. २००४-०५ मध्ये औषध सुरू केलेले लोक आता पन्नाशी-साठीत आलेत. चरबीच्या आड मांस जातंय, आणि वजन स्थिर दिसतंय म्हणून उपचाराच्या पुस्तिकेत बरोबरची खूण पडते. मुलीनं मला व्यायाम लावून दिलाय : शिवणाच्या खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, दमेपर्यंत, पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या घेऊन हात वर-खाली. दिवसभर मशीनवर बसणाऱ्याला चालण्यापेक्षा याचा फरक पडतो. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या डोल्युटेग्राव्हिरबरोबर रिकाम्या पोटी घेतल्या तर एचआयव्हीच्या गोळीचा असर कमी होतो. घ्यायच्या तर जेवणाबरोबर, किंवा गोळीनंतर दोन तासांनी. हे सांगणारं कुणी नसतं आणि टॉनिकची हौस आपल्याकडे दांडगी. त्याहून वाईट म्हणजे दुकानात सुट्या मिळणाऱ्या 'अंग भरायच्या' गोळ्या. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. चेहरा आठवड्यात गोल होतो, घरचे खूश, आणि आत टीबी दबून पसरत राहतो.

उतरतं वजन हे लक्षण म्हणून मान्य आहे, ते कुणाला माहीत नाही असं नाही. एआरटी केंद्रावर प्रत्येक भेटीत खोकला, ताप, रात्रीचा घाम आणि वजनात घट, या चार गोष्टी विचारायच्या असतात. पण स्थिर रुग्णाला आता एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळतात. हेलपाटे वाचतात, मी त्याच्या बाजूचा आहे. फक्त त्या मधल्या काळात काटा कोण दाखवणार? साठ किलोच्या माणसाचे तीन किलो गेले म्हणजे ५ टक्के गेले, आणि एवढ्या घटीनंतरही धोका वाढतो हे १९९० च्या दशकातच दिसलेलं आहे. तीन किलो दोन महिन्यांत सहज जातात.

इथे माझी मागणी साधी आहे. आशाताईंकडे टेप आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म त्या भरतात, त्यात कंबरेचं माप असतं, पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० च्या वर गेलं की मधुमेहाच्या दृष्टीनं गुण लागतो. अंगणवाडीत लहान मुलांचा दंडघेर मोजतात, साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की लाल. कुपोषणासाठी बदनाम झालेल्या या तालुक्यात ही पट्टी पोरासोरांना माहीत आहे. मोठ्या माणसाची कंबर मोजायला वाकलेल्या आशाताईंनी त्याच टेपनं दंडही मोजावा आणि दोन्ही लिहावं. सगळ्यांचा. एचआयव्ही कुणाला आहे हे त्यांना कळायची गरज नाही, विचारायचीही नाही. दर तीन महिन्यांनी मोजलं, दंड किंवा वजन उतरतंय असं दिसलं, तर त्या माणसाला, कारण काही असो, चौकच्या किंवा कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात नाहीतर कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात थुंकी, एक्स-रे आणि रक्ताच्या तपासणीला पाठवावं. याच्यात एचआयव्हीवालेही सापडतील, टीबीवालेही, मधुमेहवालेही, आणि नुसते उपाशीही.

आणि धान्याचं तसंच. अट दंडाच्या मापाची ठेवा, आजाराच्या दाखल्याची नको. माप कमी भरलं त्या घराला पावसाळ्याच्या चार महिन्यांत रेशनवर माणशी दीड किलो डाळ आणि तेल जास्त. मग दुकानदाराला कळेल ते एवढंच की हे घर अशक्त आहे, आणि ते त्याला आधीपासून दिसतंच. पैशांचा प्रश्न असेल तर जिल्हा नियोजन समितीनं सुरुवात कर्जत आणि खालापूर या दोनच तालुक्यांत, त्यातही वाड्यांवर करावी. निराधार योजनेची २१ हजारांची अट मुंबईत बदलावी लागेल, ते जिल्ह्याच्या हातात नाही. डाळीचं आहे.

मी काय करतो ते सांगून टाकतो. हल्ली शर्टाच्या मापाला आलेल्या प्रत्येकाचा दंडही घेतो, बाही बिनचूक बसते असं सांगून. ते खोटंही नाही. मागच्या मापापेक्षा अर्ध्या इंचाच्या वर कमी भरला तर विचारतो : ताप येतो का, रात्री घाम सुटतो का, खोकला किती दिवस. बरेचजण वैतागतात. एक गिऱ्हाईक कापड उचलून समोरच्या दुकानात गेलं. कातकरी वाडीवरचा एक पोरगा मात्र, लग्नाचा शर्ट शिवायला आलेला, निमूट तपासायला गेला. त्याला टीबी निघाला, एचआयव्ही नाही. लग्न पुढे ढकललं, शर्ट तयार आहे, दंड भरेपर्यंत बाही टाचून ठेवलीय.